परवानगी काढून निघालेला मोर्चा

१७ नोव्हेंबर १९८९ च्या संध्याकाळी प्रागमध्ये विद्यार्थ्यांचा एक मोर्चा निघाला आणि त्यानंतर सहा आठवड्यांत चेकोस्लोवाकियातली एकेचाळीस वर्षांची कम्युनिस्ट राजवट कोसळली. गंमत अशी की या मोर्चाला रीतसर सरकारी परवानगी होती. आयोजकांमध्ये खुद्द पक्षाच्या युवक संघटनेची प्रागमधली विद्यापीठ शाखा होती. कुठे जमायचं, कुठल्या रस्त्याने जायचं, कुठे सांगता करायची, सगळं आधी ठरलेलं होतं. शहराच्या मध्यवर्ती वेन्सेस्लास चौकात जायचं नाही, हेही ठरलेलं होतं.

आपल्याकडच्या जुन्या पिढीला चेकोस्लोवाकिया म्हटलं की जावा मोटरसायकल आणि बाटाचे बूट आठवतात. त्यापुढे त्या देशाचं नाव आपल्या कानावर फारसं पडत नाही. १९८९ मध्ये पूर्व युरोपात एकामागून एक सरकारं पडली, बर्लिनची भिंत पडली, एवढं साधारण माहीत असतं. पण हातात शस्त्र नाही, पैसा नाही, स्वतःचं वर्तमानपत्र नाही, अशी विशीतली पोरं एका पोलिसी राज्याला नेमकी कशी हलवतात, हे प्रागच्या उदाहरणावरून जितकं स्वच्छ दिसतं तितकं दुसरीकडे क्वचितच दिसतं. माझ्या मते त्यांनी दोनच कामं फार चोख केली. आधी परवानगीच्या आडोशाला माणसं जमवली. मग जमलेल्यांचा निरोप, रेडिओ-टीव्ही हातात नसताना, कारखान्यांपर्यंत पोचवला. बाकीचं बरंचसं इतरांनी केलं आणि थोडं सरकारनेच स्वतःच्या हाताने करून ठेवलं.

गप्प बसण्याचा व्यवहार

आधी ही राजवट चालायची कशी ते बघू. १९६८ मध्ये अलेक्झांडर दुब्चेक या पक्षाच्याच नेत्याने कारभार थोडा सैल केला होता. वर्तमानपत्रांवरची सेन्सॉरशिप उठली, लोक मोकळेपणाने बोलू लागले. २० ऑगस्टच्या रात्री सोव्हिएत रणगाडे देशात घुसले आणि तो प्रयोग संपला. पुढची वीस वर्षं गुस्ताव हुसाक यांच्या राजवटीने जे केलं त्याला सरकारी भाषेत 'सामान्यीकरण' म्हणत. लाखो लोकांना पक्षातून काढलं गेलं किंवा त्यांनी स्वतःहून तो सोडला. प्राध्यापक बॉयलरमध्ये कोळसा टाकू लागले, पत्रकार खिडक्या पुसू लागले.

बाकीच्यांशी एक न लिहिलेला व्यवहार झाला. राजकारणात नाक खुपसू नका. त्या बदल्यात नोकरी राहील, घर मिळेल, शनिवार-रविवारी गावाबाहेरच्या लाकडी झोपडीत जाऊन बागकाम करा, आम्ही विचारणार नाही. उपासमार नव्हती. दुकानांत ब्रेड, मांस, बिअर मिळत असे; संत्र्यांसाठी आणि केळ्यांसाठी मात्र रांगा लागत. निवडणुका व्हायच्या आणि निकाल आधीच ठाऊक असायचा. १ मेच्या मिरवणुकीत लोक झेंडे घेऊन जायचे, कारण गैरहजेरीची नोंद व्हायची.

या व्यवहारातली सगळ्यात दुखरी नस होती मुलांचं शिक्षण. प्रत्येक माणसाची एक फाइल असे आणि तिच्यात त्याच्या राजकीय वर्तणुकीचा शेरा असे. बापाने १९६८ मध्ये चुकीची बाजू घेतली असेल, आईने एखाद्या निषेधपत्रावर सही केली असेल, तर मुलाला कितीही मार्क पडोत, विद्यापीठाचं दार त्याला बंद होऊ शकत असे. पोराच्या भवितव्यासाठी आईबाप गप्प बसत. पोलिसांना हात उचलावा लागत नसे.

याचा एक परिणाम पक्षाच्या लक्षात आला नसावा. १९८९ मध्ये जी मुलं विद्यापीठात शिकत होती ती बहुतांशी गप्प बसलेल्यांची, जुळवून घेतलेल्यांची मुलं होती. अनेकांचे आईवडील पक्षाचे सभासद होते. दीड कोटीच्या देशात पक्षाचे सभासदच सुमारे सतरा लाख होते. बंडखोरांची पोरं चाळून बाहेर काढली होती. त्यामुळे १७ नोव्हेंबरच्या रात्री पोलिसांच्या लाठ्या ज्यांच्या डोक्यात बसल्या, ती या व्यवस्थेने स्वतः निवडून आत घेतलेली मुलं होती. तो मार थेट त्या गप्प घरांत जाऊन पोचला. मला वाटतं, पुढे जे घडलं त्याची अर्धी किल्ली इथेच आहे.

फटी

विद्यापीठात मार्क्सवाद-लेनिनवादाचा विषय सक्तीचा होता, मुलांना लष्करी प्रशिक्षणही सक्तीचं होतं. पक्षाच्या युवक संघटनेचं, म्हणजे समाजवादी युवक संघाचं, सभासदत्व कागदोपत्री ऐच्छिक, व्यवहारात जवळजवळ सगळ्यांनी घेतलेलं. दुसरी संघटना काढायला बंदी. मग काहींनी हिशोब केला की जे एकच छप्पर उपलब्ध आहे त्याच्याखालीच आपलं बिऱ्हाड थाटावं.

युवक संघाच्या नावावर विद्याशाखांमध्ये छोटी नियतकालिकं निघू लागली. पक्षाच्या संघटनेचं प्रकाशन म्हणून कागद मिळे, छपाई मिळे. आत मात्र पर्यावरणावर, जुन्या इतिहासावर, बंदी असलेल्या लेखकांवर हळूहळू मजकूर येऊ लागला. नाट्य अकादमीत मार्टिन मेइस्त्रीक, कला विद्याशाखेत मोनिका पायेरोवा ही पुढे गाजलेली नावं याच वर्तुळातली. डिसेंबर १९८८ मध्ये आर्मेनियात भीषण भूकंप झाला तेव्हा शिमोन पानेक या विज्ञानाच्या विद्यार्थ्याने मित्रांना घेऊन मदत गोळा केली. वरवर पाहता हे समाजकार्य. पण सरकारला न विचारता शेकडो माणसांकडून वस्तू जमवायच्या, गाड्या मिळवायच्या, याद्या करायच्या, याचा सराव त्यातून झाला. पुढच्या वर्षी नोव्हेंबरमध्ये नेमकं हेच कसब लागणार होतं.

छपराबाहेरही हालचाल होती. ८ डिसेंबरला, जॉन लेनन गेला त्या तारखेला, प्रागच्या कांपा भागातल्या एका भिंतीजवळ तरुण मेणबत्त्या घेऊन जमत, पोलीस भिंत रंगवून काढत, पोरं पुन्हा लिहीत. १९८८ नंतर तरुणांचे छोटे गट उगवले, काही गंभीर तर काही निव्वळ टवाळ. टवाळांचं महत्त्व कमी समजू नये. सरकारवर हसता येतं हे एकदा कळलं की त्याची भीती पातळ होते. शेजारच्या पोलंडमध्ये, व्रोत्स्वाव्ह शहरात, 'ऑरेंज अल्टरनेटिव्ह' नावाच्या गटाने तर हीच कला केली होती. पोलिसांनी सरकारविरोधी घोषणांवर चुना फासला की त्या पांढऱ्या ठिपक्यावर ही मंडळी बुटके रंगवत. १ जून १९८८ रोजी हजारो लोक बुटक्यांच्या टोप्या घालून रस्त्यावर उतरले. बुटक्याला अटक करणारा पोलीस कितीही गंभीर चेहरा करो, तो हास्यास्पदच दिसणार.

१९८९ हे वर्ष उजाडलंच मुळी पोलिसांच्या पाण्याच्या फवाऱ्यांनी. वीस वर्षांपूर्वी, १६ जानेवारी १९६९ रोजी, यान पालाख या विद्यार्थ्याने सोव्हिएत आक्रमणानंतर पसरलेल्या सुन्नपणाविरुद्ध प्रागच्या वेन्सेस्लास चौकात स्वतःला पेटवून घेतलं होतं. त्याच्या स्मृतीसाठी जमलेल्यांना पोलिसांनी सलग काही दिवस मारलं. नाटककार वात्स्लाव हावेल यांना त्यात अटक झाली. जूनमध्ये सरकारकडे स्वातंत्र्य मागणारं 'काही वाक्यं' नावाचं छोटंसं निवेदन फिरू लागलं आणि त्यावर हजारो माणसांनी स्वतःच्या नावानिशी सह्या केल्या.

जुलैमध्ये पक्षाचे सरचिटणीस मिलोश याकेश यांनी पक्ष कार्यकर्त्यांच्या बंद सभेत भाषण केलं. त्याची टेप फुटली, परदेशी रेडिओवर वाजली आणि हातोहात तिच्या प्रती निघाल्या. भाषणात त्यांनी पक्ष कुंपणातल्या खुंटासारखा एकटा पडल्याची तक्रार केली होती आणि ब्रॉयलर कोंबड्यांबद्दल बोलताना चक्क 'बॉयलर' म्हटलं होतं. देशभर पोरं ती टेप ऐकून पोट धरून हसत होती. सप्टेंबरमध्ये पूर्व जर्मनीतून पळून आलेली हजारो कुटुंबं प्रागमधल्या पश्चिम जर्मन दूतावासाच्या बागेत मुक्काम ठोकून बसली; त्यांनी टाकून दिलेल्या त्राबांत गाड्या आसपासच्या गल्ल्यांत उभ्या होत्या. ११ नोव्हेंबरला, म्हणजे मोर्चाच्या आठवडाभर आधी, उत्तरेकडच्या तेप्लित्से शहरात धुरक्याने श्वास कोंडलेले लोक, बरेचसे तरुण, स्वच्छ हवा मागत रस्त्यावर आले. दोनच दिवस आधी बर्लिनची भिंत उघडली होती. मॉस्कोत सुधारणावादी गोर्बाचेव्ह सत्तेवर होते आणि १९६८ सारखे रणगाडे पुन्हा येणार नाहीत हे प्रत्येकाला कळून चुकलं होतं.

तारीख

आता परवानगीची गोष्ट. १९३९ मध्ये नाझींच्या ताब्यातल्या प्रागमध्ये निदर्शनं झाली, त्यात यान ओप्लेताल हा वैद्यकीय विद्यार्थी गोळी लागून दगावला. त्याच्या अंत्ययात्रेतही निदर्शनं झाली. १७ नोव्हेंबरला जर्मनांनी सूड घेतला: नऊ जणांना देहदंड, बाराशेहून अधिक विद्यार्थी छळछावणीत, सगळी चेक विद्यापीठं बंद. त्यामुळे १७ नोव्हेंबर आंतरराष्ट्रीय विद्यार्थी दिन ठरला. कम्युनिस्ट सरकार तो दरवर्षी साजरा करत असे, कारण नाझींविरुद्धचा लढा हा त्यांच्या अधिकृत इतिहासाचा मानबिंदू होता.

१९८९ मध्ये त्या घटनेला पन्नास वर्षं होणार होती. स्वतंत्र विद्यार्थ्यांचा एक गट आणि युवक संघातले थोडे मोकळ्या मनाचे लोक एकत्र आले आणि संयुक्त कार्यक्रमासाठी अर्ज केला. नाझींच्या बळींना श्रद्धांजली वाहायला पक्ष नाही कसा म्हणणार? स्वतंत्र गटातल्या काही मुलांना युवक संघाबरोबर जाणं म्हणजे तडजोड वाटत होती. पण परवानगीचा फायदा मोठा होता. बंदी असलेल्या निदर्शनाला नेहमीचेच काही शे धाडसी लोक येत. परवानगी असलेल्या कार्यक्रमाला भित्रा विद्यार्थीही जाऊ शकत होता, आईला सांगून. आल्बेर्तोव या वैद्यकीय संस्थांच्या परिसरात त्या शुक्रवारी चार वाजता सुमारे पंधरा हजार माणसं जमली.

(आदल्या दिवशी, १६ तारखेला, स्लोवाकियाच्या राजधानीत ब्रातिस्लावामध्ये दोन-तीनशे विद्यार्थ्यांनी शिक्षण मंत्रालयापर्यंत विनापरवाना मोर्चा नेला होता. स्लोवाक लोक याची आठवण हमखास करून देतात, आणि ते बरोबरच आहे.)

नारोद्नी रस्ता

भाषणं झाली. १९३९ च्या घटना पाहिलेले वयस्क लोकही व्यासपीठावर होते. श्रद्धांजलीच्या भाषणांतून हळूच आजच्या स्वातंत्र्याबद्दल बोललं जाऊ लागलं, फलक सरळ सरकारविरोधी होत गेले. मग मेणबत्त्या घेऊन मोर्चा विशेह्राडच्या टेकडीवर गेला. तिथल्या स्मशानभूमीत कारेल हिनेक माखा या कवीच्या समाधीवर फुलं वाहिली, राष्ट्रगीत झालं. कागदावरचा कार्यक्रम इथे संपत होता.

कोणी घरी गेलं नाही. अंधार पडलेला, थंडी, आणि हजारो तरुण एकमेकांकडे बघत उभे. घोषणा सुरू झाली, वेन्सेस्लास चौकाकडे चला. सरळ रस्ता पोलिसांनी अडवलेला होता म्हणून मोर्चा व्ल्टावा नदीच्या काठाने निघाला. वाटेत ट्राम थांबल्या, खिडक्यांतून लोक हात हलवू लागले, काही खाली उतरून सामील झाले. राष्ट्रीय नाट्यगृहापाशी मोर्चा उजवीकडे नारोद्नी रस्त्यावर वळला. चौक आता थोड्याच अंतरावर होता.

रस्त्याच्या पुढच्या टोकाला शिरस्त्राणं आणि पारदर्शक ढाली घेतलेल्या पोलिसांची भिंत होती. पुढच्या रांगेतली मुलं खाली बसली. मेणबत्त्या डांबरी रस्त्यावर ओळीने लावल्या. मुलींनी पोलिसांच्या ढालींत फुलं खोचली. "आमचे हात रिकामे आहेत," अशी घोषणा देत हजारो हात वर झाले. किल्ल्या काढून लोक त्या खुळखुळवू लागले. तासाभरात पोलिसांनी मागचं टोकही बंद केलं आणि दोनेक हजार माणसं दोन भिंतींमध्ये सापडली. ध्वनिक्षेपकावरून पांगा म्हणून सांगितलं जात होतं, पण पांगायला वाट नव्हती.

नऊच्या सुमारास मार सुरू झाला. दोन्ही बाजूंनी पोलीस आत सरकत गेले. गर्दी इतकी दाटली की श्वास घेता येईना. बाहेर पडायला एका बाजूच्या गल्लीची तोंडं आणि एका इमारतीखालची अरुंद कमान, एवढंच उरलं. त्यातून जाणाऱ्या प्रत्येकाला दुतर्फा उभ्या पोलिसांच्या लाठ्या खात जावं लागलं. लाल टोप्या घातलेलं खास पथकही त्यात होतं. पुढे डॉक्टरांच्या स्वतंत्र आयोगाने जखमींचा आकडा ५६८ दिला. त्या कमानीत आज भिंतीवर वर केलेल्या हातांचं छोटं ब्राँझ शिल्प आहे, खाली १७.११.१९८९ ही तारीख आहे आणि तिथे वर्षभर मेणबत्त्या जळत असतात.

न मेलेला विद्यार्थी

दुसऱ्या दिवशी बातमी पसरली की एक विद्यार्थी मारहाणीत मेला. नावही सांगितलं गेलं, गणित-भौतिकी विद्याशाखेतला. ती विरोधकांच्या वृत्तसंस्थेमार्फत परदेशी रेडिओवर गेली आणि तिथून घराघरांत. बातमी खोटी होती. त्या नावाचे दोन विद्यार्थी त्या विद्याशाखेत होते आणि दोघेही जिवंत होते. सरकारने घाईघाईने त्यातल्या एकाला टीव्हीवर आणून दाखवलं. कुणीही विश्वास ठेवला नाही. वीस वर्षं खोटं बोलणारा टीव्ही एकदा खरं बोलला, तेव्हा ऐकायला कोणी शिल्लक नव्हतं.

ही अफवा मुद्दाम सोडली गेली का? गुप्त पोलिसांचा एक अधिकारी विद्यार्थी म्हणून मोर्चात वावरत होता आणि त्या रात्री रस्त्यावर पडला होता, हे नंतर उघड झालं. त्यावरून तर्कांचे इमले उभे राहिले: गुप्त पोलिसांतल्याच एका गटाला याकेश यांना घालवायचं होतं, म्हणून हा सगळा बनाव. संसदेच्या चौकशी आयोगाने यावर बराच खल केला, पण ठोस कट सिद्ध झाला नाही. मला स्वतःला या कटाच्या कथेत एक गोम दिसते. एखाद्या अधिकाऱ्याने एक रात्र घडवली असं क्षणभर मानलं, तरी पुढचे दहा दिवस त्याने कसे घडवले असते?

नाटक बंद, चर्चा सुरू

१८ नोव्हेंबर, शनिवार. नाट्य अकादमीच्या विद्यार्थ्यांनी आदल्या रात्रीच्या जखमा घेऊनच संप जाहीर केला आणि दुपारी एका थिएटरमध्ये जमलेल्या नटमंडळींना येऊन भेटले. नटांनी तिथल्या तिथे ठरवलं की आम्हीही संपावर. नाटकवाल्यांचा संप म्हणजे थिएटरला कुलूप नव्हे. प्रेक्षक तिकीट काढून येत, पडदा उघडत असे, आणि नट वेशभूषेशिवाय पुढे येऊन विद्यार्थ्यांचं निवेदन वाचत. मग प्रेक्षकांशी चर्चा. ज्या देशात चार माणसांनी जमायला परवानगी लागे, तिथे शहराशहरांत एका रात्रीत सभागृहं मिळाली, दिवे आणि खुर्च्यांसकट. १९ तारखेला रात्री हावेल आणि इतर विरोधकांनी एका थिएटरमध्येच 'नागरी मंच' स्थापन केला.

त्याच शनिवारी आणखी एक निर्णय झाला, मला तो सगळ्यात हुशारीचा वाटतो. देशव्यापी सार्वत्रिक संपाची हाक दिली गेली, पण ती लगेचची नव्हती. तारीख होती २७ नोव्हेंबर, सोमवार, आणि वेळ दुपारी बारा ते दोन. म्हणजे देशाला जागं करायला नऊ दिवस मिळाले. आणि दोनच तास, तेही जेवणाच्या सुट्टीला लागून; ज्या कामगाराला पगार कापला जाण्याची भीती त्यालाही भाग घेता येईल असे. संपाला किती लोक आले यावरून राजवटीच्या पाठीशी कोण आहे हे मोजता येणार होतं. एक प्रकारचं मतदानच ते.

सोमवारी, २० तारखेला, विद्यापीठं ठिय्या संपात गेली. मुलं वर्गांतच झोपायची. संप समित्या झाल्या, पाळ्या लागल्या, दारूला बंदी, दारावर पहारा. प्रत्येक विद्याशाखेत एक खोली छापखाना झाली: टाइपरायटर, कार्बन पेपर, सायक्लोस्टाईल. झेरॉक्स मशीनवर त्या देशात सरकारी नियंत्रण असे, त्यामुळे संस्थेतलं एखादं यंत्र हाती लागणं म्हणजे लॉटरी. मेट्रोची स्थानकं, दुकानांच्या काचा हस्तलिखित पत्रकांनी भरून गेल्या. लोक रांगा लावून भिंती वाचत. नारोद्नी रस्त्यावरच्या मारहाणीच्या व्हिडिओ टेपा दुकानाच्या काचेत टीव्ही ठेवून पुन्हा पुन्हा दाखवल्या जात, कारण सरकारी वाहिनी त्या दाखवत नव्हती.

वेन्सेस्लास चौकात आता रोज संध्याकाळी लाखाच्या घरात लोक जमू लागले. भाषणं जिथून व्हायची ती मेलान्त्रिख इमारतीची गच्ची कम्युनिस्टांच्याच छत्राखाली तग धरून असलेल्या समाजवादी पक्षाची, म्हणजे त्याच्या वर्तमानपत्राची जागा होती. त्या पक्षाने चाळीस वर्षं मान डोलावली होती आणि त्या आठवड्यात डोलावायची थांबवली. खुळखुळणाऱ्या किल्ल्यांचा आवाज आता शाळेच्या शेवटच्या घंटेसारखा चौकभर वाजत असे.

कारखान्याच्या फाटकावर

पण प्राग म्हणजे देश नव्हे, आणि हे पक्षाला पक्कं ठाऊक होतं. टीव्ही आणि बहुतेक वर्तमानपत्रं हातात होती. प्रागच्या बाहेर सांगायचं काय, तर काही माथेफिरू, काही समाजकंटक, आणि कामगारांच्या पैशावर शिकणारी लाडावलेली पोरं. कामगारांच्या नावाने राज्य करणाऱ्या पक्षाला कामगार आपल्या बाजूने राहणं पुरेसं होतं.

म्हणून विद्यार्थी निघाले. दोन-चार विद्यार्थी आणि ओळखीचा चेहरा असलेला एखादा नट, असे गट करून, मिळेल त्या गाडीने खाणींकडे, पोलाद कारखान्यांकडे, सहकारी शेतांकडे गेले. नट सोबत घेण्यामागे साधा हिशोब होता: फाटकावरचा पहारेकरी अनोळखी विद्यार्थ्याला हाकलेल, पण टीव्ही मालिकेतल्या डॉक्टरला हाकलताना तो अडखळेल. पिशवीत पत्रकांचे गठ्ठे आणि मारहाणीची टेप. काही ठिकाणी व्यवस्थापनाने आत सोडलं नाही, काही ठिकाणी पोलिसांनी धरलं, काही ठिकाणी कामगारांनीच ऐकवलं की जा, अभ्यास करा. तरी ते पुन्हा जात. वादविवादात जिंकणं त्यांना फारसं गरजेचं नव्हतं. तुमच्या मुलाच्या वयाचा, डोक्याला पट्टी बांधलेला मुलगा समोर उभा राहून काय झालं ते सांगतो, एवढंच पुरे होतं.

हे जमलं की नाही, ते २३ नोव्हेंबरला कळलं. प्राग शहराचे पक्षप्रमुख मिरोस्लाव श्तेपान चेकादे या रेल्वे इंजिनं आणि अवजड यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यात गेले. हा त्यांचा हक्काचा बालेकिल्ला. भाषणात ते म्हणाले की जगातल्या कुठल्याच देशात पंधरा वर्षांची पोरं राष्ट्राध्यक्षाने कधी जावं हे ठरवत नाहीत. हजारो कामगार ओरडू लागले, "आम्ही पोरं नाही!" श्तेपान यांना पुढे बोलता आलं नाही. त्याच दिवशी कारखान्यातले कामगार रांगेने चौकाकडे निघाले. पक्षाची सशस्त्र कामगार दलं त्याआधी बाहेरगावाहून प्रागमध्ये आणली होती, ती काही न करता परत पाठवावी लागली.

यानंतरचं भराभर सांगता येतं. सैन्य वापरण्याची भाषा वरच्या वर्तुळात झाली, पण आदेश द्यायला कोणी धजावलं नाही. २४ तारखेला याकेश आणि त्यांच्या नेतृत्वाने राजीनामा दिला. २५ आणि २६ ला प्रागमधल्या लेत्नाच्या मैदानावर पाच लाखांहून अधिक लोक जमले. २७ ला दुपारी बारा वाजता देश थांबला. २९ ला संसदेने राज्यघटनेतलं पक्षाच्या 'नेतृत्वाच्या भूमिके'चं कलम काढून टाकलं. डिसेंबरच्या सुरुवातीला पंतप्रधानांनी नवं मंत्रिमंडळ आणलं, वीसपैकी पंधरा मंत्री कम्युनिस्टच. लोकांनी ते नाकारलं. १० डिसेंबरला कम्युनिस्ट अल्पमतात असलेलं सरकार आलं आणि हुसाक यांनी राष्ट्राध्यक्षपद सोडलं. २९ डिसेंबरला, अजून कम्युनिस्टच बहुसंख्य असलेल्या संसदेने, वर्षाच्या सुरुवातीला तुरुंगात टाकलेल्या हावेल यांना एकमताने राष्ट्राध्यक्ष निवडलं. कामगार, नट सगळे आपापल्या कामावर केव्हाच परतले होते. विद्यार्थ्यांनी संप तोवर सोडला नाही. मोठी माणसं वाटाघाटीत नरम पडतील ही त्यांची शंका अगदीच निराधार नव्हती.

इतरत्र काय झालं

विद्यार्थी उठले की राजवट पडते, असा मात्र नियम नाही. त्याच वर्षी जूनमध्ये बीजिंगच्या तिआनानमेन चौकात विद्यार्थ्यांची चळवळ रणगाड्यांखाली संपवली गेली. तिथल्या नेतृत्वाला गोळ्या घालण्याची तयारी होती आणि त्याला परवानगी विचारायला मॉस्को नव्हतं. प्रागच्या नेत्यांचा कणा मुळात उसना होता. मॉस्कोने आधार काढला आणि त्यांचं धैर्य गेलं.

हंगेरीत तर विद्यार्थ्यांनी थेट पक्षच काढला. ३० मार्च १९८८ रोजी बुडापेस्टच्या एका वसतिगृहात ३७ तरुणांनी फिदेस स्थापन केला. सभासद होण्यासाठी वयाची कमाल मर्यादा ३५. त्यांच्यातला २६ वर्षांचा व्हिक्टर ओर्बान १६ जून १९८९ च्या प्रचंड सभेत सोव्हिएत सैन्य मागे घ्या असं जाहीर म्हणाला. हाच ओर्बान पुढे दीर्घकाळ पंतप्रधान झाला आणि वर्तमानपत्रांची मुस्कटदाबी केल्याचे आरोप त्याच्यावर होऊ लागले. वयाची ती अटही केव्हाच गेली. अल्बानियात डिसेंबर १९९० मध्ये तिरानाच्या वसतिगृहांतल्या वीज आणि गैरसोयींवरून विद्यार्थी भडकले आणि चार दिवसांत सरकारला दुसऱ्या पक्षांना मान्यता द्यावी लागली. किव्हमध्ये ऑक्टोबर १९९० मध्ये विद्यार्थ्यांनी ग्रॅनाइटच्या फरशीवर तंबू ठोकून उपोषण केलं आणि सोव्हिएत युक्रेनच्या पंतप्रधानांना पायउतार व्हावं लागलं.

प्रागच्या मुलांचं पुढे निरनिराळं झालं. पानेक यांनी 'गरजू माणूस' ही मदतसंस्था उभारली, ती आज युद्ध आणि भूकंपग्रस्त देशांत काम करते. मेइस्त्रीक सिनेटवर गेले. मारेक बेंडा वीसबाविसाव्या वर्षी खासदार झाले आणि दशकानुदशके संसदेतच राहिले. बहुसंख्य मात्र जानेवारीत वर्गात परतले. सेमिस्टर बुडालं होतं, परीक्षा तोंडावर होत्या.

विद्यार्थ्यांच्या पहिल्या निवेदनातली पहिली मागणी साधी होती: नारोद्नी रस्त्यावर मारायचा हुकूम कोणी दिला याची चौकशी करा. लोकशाही आली, निवडणुका झाल्या, सोव्हिएत सैन्य १९९१ मध्ये परत गेलं. श्तेपान यांना तुरुंगवास झाला, तोही मुख्यतः आधीच्या निदर्शनांवरच्या कारवाईसाठी. त्या संध्याकाळच्या हुकुमाची साखळी तपासायला आयोग बसले, जाडजूड अहवाल निघाले, काही पोलीस अधिकाऱ्यांना शिक्षा झाल्या. वरून खालपर्यंत नेमकं कोण काय म्हणालं, यावर प्रागमध्ये दर १७ नोव्हेंबरला अजूनही वाद होतो.